पाच अँपिअरचा फ्यूज

गावातल्या तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून पुरासाठी अ‍ॅल्युमिनियमची होडी आणली, तेव्हा तिची वायरिंग कुणी करायची हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारी दानेश्वरी गावचीच होती, आणि तिचा धाकटा भाऊ सोमेश ती होडी चालवणार होता.

विजेचं काम तसं थोडंच. एक बॅटरी, एक दिवा आणि होडीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप. इंजिन दोरी ओढून सुरू व्हायचं. तरी दानेश्वरीनं वायर निवडताना घाई केली नाही. घरात वापरतात ती एकेरी जाड तार तिनं बाजूला सारली. होडी सारखी हादरते, अशी तार आतल्या आत मोडते. तिनं बारीक तारांची, कल्हई केलेली वायर मागवली, कारण उघडं तांबं ओलाव्यानं हिरवं पडून कुजतं. दिव्याला वेगळा आणि पंपाला वेगळा, पाच अँपिअरचा फ्यूज घेतला, आणि दोन्ही बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवले.

"पंप तिकडं टोकाला, आणि फ्यूज हितं व्हय?" तालमीचा अध्यक्ष सम्राट म्हणाला. "वायरमन बदलायला पायजे."

"फ्यूज पंपासाठी न्हाय, वायरीसाठी असतोय," दानेश्वरी म्हणाली. "वायर मधी कुठं घासली, उघडी पडली, की बॅटरीचा सगळा जोर तितनं धावतो. चुलीत घातलेल्या सळीगत लाल हुतीया ती. शेजारी पेट्रोलची टाकी. वायर पेटायच्या आत ह्यो तुटतो, एवढंच त्याचं काम."

"आणि सारखाच तुटाय लागला तर?"

"तर कुठंतरी चूक हाय. ती हुडकायची, मग नवा घालायचा."

सम्राट हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ तिला ठाऊक होता. नदीकाठच्या मोटरींना वीज मिळते तेव्हाच उसाला पाणी पाजायचं असतं. मधेच फ्यूज उडाला तर चूक शोधत कोण बसतो? वायर सोलायची, आतल्या तारांना पीळ द्यायचा आणि फ्यूजच्या जागी तो पीळ घट्ट बसवायचा. मग मोटर जळेपर्यंत काही उडत नाही. जळलेली मोटर ट्रॉलीत घालून तिच्याच दुकानात यायची. "अक्का हाय की," म्हणत ती उतरवली जायची. गावातल्या प्रत्येक हाताला तो पीळ येत होता, सोमेशच्याही.

म्हणून तिनं त्याला दुकानात बसवून शिकवलं. जुनी बॅटरी घेतली आणि वायरची दोन टोकं एकमेकांना लावायला सांगितली. मधे फ्यूज होता, तो टिचकी मारल्यासारखा तुटला आणि सगळं शांत झालं. मग फ्यूजच्या जागी तारांचा पीळ घालून तेच पुन्हा करायला लावलं. वायरचं आवरण फुगलं, धूर आला, सोमेशनं हात झटकून वायर टाकली.

"कळलं का?"

"कळलं गं. पोळलं की," तो म्हणाला.

शिवजयंतीला पोरांनी होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून मिरवणुकीत फिरवली. तिच्यावर मोठा हॉर्न बसवला. त्याची वायर जवळ पडते म्हणून पंपाच्या वायरीला जोडली आणि पत्र्याला भोक पाडून तशीच आत ओढली. भोकाच्या धारदार कडेला रबर लावायचं कुणाला सुचलं नाही. हॉर्न दाबला की पंपाचा फ्यूज उडायचा. दानेश्वरीनं डबीत घालून दिलेले जादा फ्यूज असे एकेक करून संपले. शेवटचा बसवला तेव्हा मिरवणूक उरकली होती; हॉर्न आणि त्याची वायर तशीच राहिली. यातलं काहीच तिला कुणी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ते तिला फोनवर कळलं.

दुपारची वेळ होती. ती रस्त्याच्या उंचवट्यावर सम्राटजवळ उभी होती. पहिल्या खेपेत सोमेशनं मळ्यातली बायका-पोरं आणून सोडली होती. म्हशी सोडून यायचं नाही म्हणून मागं राहिलेले गुंडूअण्णा आणि त्यांची बायको बाळाबाई आता घराच्या कौलांवर बसले होते. रस्त्यावरून ती दोघं दिसत होती. पाणी वळचणीला टेकलं होतं. सोमेश त्यांच्याकडं निघाला होता. वाटेतनंच त्याचा दानेश्वरीला फोन आला.

"अक्का, बुडालेल्या खांबाला होडी घासली. पाणी येतंय आत. आणि पंप बंद पडला. फ्यूज गेला."

"डबीतला घाल."

"डबी रिकामी हाय." मग त्यानं हॉर्नचं सांगितलं, अडखळत.

दानेश्वरीच्या डोळ्यांपुढं ते भोक उभं राहिलं. तिनं आवाज चढू दिला नाही. "ऐक. हॉर्नची वायर घासली असणार. ती आधी तोड. तोडल्याबिगर कायबी घालू नको."

"पक्कड न्हाय."

"दातानं तोड."

"एका हातात इंजिन हाय गं. सोडलं तर वाहून जातोय."

"मग डब्यानं पाणी उपसत माघारी ये."

"कसा यीऊ? बाळाबाई हात हलवाय लागल्यात. पीळ घालतो, पाच मिनटांचं तर काम हाय."

"सोमेश, दुकानात काय बघितलंस?"

पलीकडून इंजिनाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

उसाच्या शेंड्यांमागून आधी पांढरा धूर वर आला, मग काळा. एक धप्प आवाज झाला. सम्राट पाण्यात धावत गेला आणि छातीभर पाण्यात थांबला. बऱ्याच वेळानं सोमेश बांधावरच्या बाभळींना धरत धरत आला. लोकांनी दोर टाकून त्याला ओढून घेतलं. त्याच्या दोन्ही तळहातांची कातडी निघाली होती.

"पंप चालू झालता," तो म्हणाला. "झालता गं, अक्का."

तिनं त्याचे हात ओढणीत गुंडाळले.

सम्राट फोनवर फोन लावत होता. तालुक्यातल्या सगळ्या होड्या कुठं ना कुठं अडकल्या होत्या. सरकारी पथकाची होडी सकाळी येईल, असं कुणीतरी सांगितलं.

"सकाळपर्यंत टिकतंय की घर," सम्राट म्हणाला. "दगडी जोतं हाय."

"वर मातीच्या भिंती हायत्या," दानेश्वरी म्हणाली.

पलीकडं बाळाबाई अजून हात हलवत होती. होडी जळाली हे तिला कळलं नसावं. गुंडूअण्णांना कळलं असावं. त्यांनी हळूच तिचा हात धरून खाली घेतला आणि दोघं एकमेकांना टेकून बसली. रस्त्यावरची माणसं एकेक करून मागं सरकली, कारण पाणी त्यांच्याही पायांशी आलं होतं.