कुपन शेवटी

आत्याच्या शिलाई मशीनने अखेर मान टाकली. चाक गरगर फिरायचं, पण टाका पडायचं नाव नाही. सोमवारी नाटकाचे पोशाख द्यायचे होते, नाहीतर ते काम दुसऱ्याकडे जाणार. म्हणून शनिवारीच आम्ही दोघी दुकानात!

दारावर पाटी : चाळीस टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के. आत्याला आवडलेलं मशीन दहा हजारांचं.

"साठ टक्के गेले! म्हणजे चार हजार. माझ्याकडे साडेचार आहेत. उरलेल्यात धागे घेऊ."

"आत्या, थांब गं. चाळीस टक्के गेले की उरले सहा हजार. पुढचे वीस टक्के या सहाचेच. होतात चार हजार आठशे."

आत्याचा चेहरा पडला. मग तिला आठवलं, आणि तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून पाचशेचं कुपन काढून काउंटरवर ठेवलं. कुपन सगळ्यात आधी दाखवायचं हा आत्याचा कायदा; नंतर दाखवलं की दुकानदार तोंड फिरवतात म्हणे.

दुकानदारकाकांनी पाचशे वजा केले, मग टक्के काढले. "चार हजार पाचशे साठ. साठ कमी पडतायत, ताई."

आत्या मशीनवरून हात फिरवत राहिली. गेल्या वर्षीची मी असते तर गप्प बसले असते. पण यंदा फळ्यावर गणितं सोडवून सोडवून माझी भीड पार चेपली आहे.

"काका, कुपन शेवटी लावा ना."

"काय फरक पडतो? सूट तेवढीच."

"कुठली तेवढीच! आधी लावलंत तर त्या पाचशेलाही तुमच्या टक्क्यांची कात्री लागते. आमच्या पदरात पडतात दोनशे चाळीस. आणि कुपनावर बघा, 'अंतिम बिलातून' लिहिलंय."

काकांनी चष्मा लावला, कुपन वाचलं, पुन्हा बटणं दाबली. चार हजार तीनशे.

"बरोबर आहे हिचं," ते हसले. "ताई, पुढच्या वेळी एकट्याच या हं."

"छे! ही टकळी आता रोज बरोबर," आत्या म्हणाली.

धाग्यांवर दहा टक्के सूट होती. आत्यानं सवयीनं पर्समधून आणखी एक कुपन अर्धं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत आत सरकवलं.

"आधी टक्के काढा," ती काकांना म्हणाली.