थांबा सर, पुसू नका

अंगावरचा खडू जरा झटकतो, मग बोलतो. मी बारामतीच्या एका कॉलेजातला डस्टर. पाठीला लाकडाची पट्टी, पोटाला जाड लोकर. सुताराच्या शेडमध्ये मला चिकटवलं, तेव्हा वाटलं होतं, आपण चुका पुसणार. केवढं मोठं काम!

प्रत्यक्षात मी काय पुसत होतो? जे अजून कुणाला कळलेलंच नाही, ते.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस आहे. परवेज सर शिकवतात मनापासून, पण अभ्यासक्रम त्यांच्या मानगुटीवर बसलेला. फळा भरला की मला उचलत आणि विचारत, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "हो सर." की मी फिरलोच. त्या 'हो सर'चा मला भयंकर राग येई. पाहुण्यांच्या घरी 'पोट भरलं का' विचारलं की अर्धपोटी माणूसही 'भरलं' म्हणतो, तसंच हे. तिथं एक भाकरी कमी पडते, इथं आख्खा विषय हातचा जातो!

पहिल्या बाकावर योगिनी बसायची. भवानीनगरहून एसटीनं येणारी. बारावीपर्यंत सूत्रं पाठ करून तिनं गणितात छान मार्क मिळवले होते. गणिताची प्राध्यापक व्हायचं, हे तिचं ठरलेलं. पण डेरिव्हेटिव्हपाशी, म्हणजे एका क्षणाचा वेग काढण्यापाशी, पाय अडला. एका सुट्टीत ती मैत्रिणीला, फरहीनला, सांगत होती की विषय बदलायची मुदत शनिवारपर्यंत आहे, गणित सोडून ती बॉटनी घेणार. फरहीन म्हणाली, आधी सरांना विचार तरी.

"सगळ्यांना समजतंय गं. मी एकटीच ठोंबी हाय."

मी टेबलावर पडून ऐकत होतो. अगं बाई, कुणालाच समजलेलं नाही! पण तेव्हा मला तोंड फुटलं नाही.

शुक्रवारी सरांनी फळ्यावर पाण्याची टाकी काढली. मोटर चालू आहे. बरोबर तीन वाजता पाणी किती वेगानं चढतंय? सूत्र घातलं, उत्तर आलं. समजलं का? हो सर. सरांनी मला उचललं.

"न्हाय सर. थांबा, पुसू नका."

योगिनी उभी होती. उद्या सोडायचंच आहे, मग आज लाज कशाची, असं तिला वाटलं असावं. मागून यशराज म्हणाला, "भवानीनगरची एसटी आजपण लेट हाय." वर्ग हसला. ती बसली नाही.

"सूत्र पाठ हाय, सर. पण तीन वाजता म्हंजे एकच क्षण. त्यात वेळ जातच न्हाय, तर पाणी चढंल कसं?"

हसू थांबलं. सरांनी मला टेबलावर ठेवलं. तास संपायच्या आधी, फळा भरलेला असताना, पहिल्यांदाच.

ते म्हणाले, आधी तीन ते चारमध्ये पाणी किती चढलं ते पाहू. योगिनीनं मान हलवली. "टाकीत सारखंच चढतंय, सर. आमच्या डाळिंबाचं शेततळं काढा. तळाला अरुंद, वर पसरट. मोटर तीच, पण वर वर पाणी हळू चढतं."

सरांनी शेततळं काढलं. तीन ते चारचा वेग काढला. मग तीन ते साडेतीन. मग तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत, मग एकाच मिनिटाचा. दर वेळी आकडा थोडा वाढे, पण ही वाढ आधीपेक्षा कमी.

"मधला वेळ शून्य करायचा नाही, योगिनी. कमी कमी करत जायचं आणि आकडा कुठं टेकतोय ते बघायचं. तोच तीन वाजताचा वेग."

"लिमिट, लिमिट म्हणतात ते हेच व्हय?" हे यशराजनं विचारलं. सगळ्यात मोठ्यानं 'हो सर' म्हणणारा तोच!

शनिवारी योगिनी ऑफिसकडे फिरकली नाही. ती अजून पहिल्याच बाकावर आहे, आणि अजून अडते. पण आता विचारते.

माझी लोकर झिजलीय. पुढच्या वर्षी या वर्गात डिजिटल बोर्ड येणार म्हणतात. येऊ दे. तोही पुसता येतोच, आणि बोटाच्या एका फटक्यात. म्हणून पोरांनो, माझं एवढं ऐका. कळलं नसेल तर 'हो' म्हणू नका. लगेच सांगा, त्याच तासाला.

परवा सरांनी विचारलं, "समजलं का?" एका सुरातलं 'हो सर' आलं नाही. मागून यशराजचा आवाज आला, "थांबा सर."

आणि मी हवेतच थांबलो.