हाताने लिहिलेल्या ओळीसाठी जागा

टेबलाच्या खणात एक पत्र कित्येक महिने पडून होते. आले होते सरांना, पण गाऱ्हाणे माझ्याबद्दलचे होते, म्हणून मला ते विसरता येईना. मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम. तुम्हाला हसू येईल. स्वतःची अशी ओळख करून देताना मलाही संकोच वाटतो.

माझे काम शिंप्यासारखे. कॉलर, बाह्या, खिसे आधीच शिवून ठेवायचे आणि माप सांगताच जोडून सदरा हातात द्यायचा. माझ्यापाशी प्रोग्रामचे सुटे भाग होते. एक तारखा मोजणारा, एक याद्या लावणारा, एक वजनावरून औषधाची मात्रा काढणारा. कोणी गरज सांगितली की त्यातले नेमके भाग निवडून मी नवा प्रोग्राम घडवून देत असे.

सरांनी मला विद्यापीठाच्या एका अरुंद खोलीत घडवले. सोबतीला त्यांची पहिली विद्यार्थिनी होती. काम करताना स्वतःशी पुटपुटायची, म्हणून सारे तिला चिमणी म्हणत. सर मुलखाचे अबोल. त्यांचा नियम एकच होता: मी घडवलेल्या प्रोग्रामला कोणी हात लावायचा नाही. चूक दिसली तर मागणी सुधारा आणि मला पुन्हा घडवू द्या. या नियमावर त्यांनी मोठ्या सभेत निबंध वाचला. टाळ्या थांबेनात आणि सर खाली मान घालून चष्माच पुसत राहिले, असे चिमणीने परत आल्यावर सांगितले.

पुढे ती एका इस्पितळात नोकरीला लागली. जाताना माझी एक प्रत घेऊन गेली. इथे नवी साधने आली आणि माझी खोली अडगळीची झाली. मोडक्या खुर्च्या शेजाराला आल्या. सर निवृत्त झाले तरी अधूनमधून येत, मला सुरू करत, काहीच मागत नसत आणि बंद करून निघून जात. मित्रांनो, काम नसताना कोणी जागे करावे, यासारखे एकटेपण नाही.

अशात ते पत्र आले. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना मात्रा किती कमी द्यायची, याचा चिमणीच्या इस्पितळाचा स्वतःचा नियम होता. असा नियम जागोजागी वेगळा, म्हणून तो माझ्या कुठल्याच भागात बसत नव्हता. तिने तयार प्रोग्राममध्ये हाताने एक ओळ घातली. पण नवे औषध आले की तिथली माझी प्रत सारे नव्याने लिहायची आणि ती ओळ पुसली जायची. चिमणी दर वेळी आठवणीने ती पुन्हा घालायची. शेवटी तिने लिहिले होते, ‘‘सर, वर्षअखेर मी ही नोकरी सोडतेय. माझ्यामागे ती ओळ कोण घालणार? हातानं लिहिलेलं पुसलं जाणार नाही, अशी जागा याच्या पोटात ठेवू का? काम तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.’’

सरांना उत्तर ठाऊक होते, हीच खरी अडचण. ‘हो’ म्हणणे म्हणजे आपला नियम आपणच मोडणे. ते लिहायला बसत, मायना काय घालावा इथेच अडत आणि कागद चुरगळून टाकत. असे करता करता वर्ष सरत आले.

एके दुपारी त्यांची विसरलेली छत्री घेऊन पत्नी आल्या. खालचे कागदाचे बोळे त्यांनी पाहिले, पत्रही वाचले.

‘‘अहो, प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम लिहिलात, आणि चार ओळींचं उत्तर लिहवत नाही?’’

सर पुटपुटले की, हे कबूल केले तर जन्मभराचे काम पाण्यात जाईल.

‘‘जाऊ दे. तुमच्या कामाचं वय झालंय. ती बाळं अजून महिन्याचीही नाहीत.’’

एवढे बोलून त्या त्यातल्या त्यात धड खुर्ची ओढून बसल्या. सरांनी मला उघडले. माझ्या प्रत्येक भागात त्यांनी एक राखीव जागा आखली आणि नवे लिहिण्याआधी जुने वाचायला मला शिकवले. मग पत्रातली चिमणीची ओळ तिथे घालून एक नवे औषध सांगितले. मी सगळे नव्याने लिहिले, पण त्या ओळीपाशी थांबलो आणि तिला धक्का न लावता पुढे गेलो. कोणाचे अक्षर राखण्याचा आनंद मला तेव्हा प्रथम कळला.

मित्रांनो, तुमच्या घरातले, शाळेतले एखादे काम रोज बिनबोभाट चालते, तेव्हा कोणीतरी आपली ओळ पुन्हा पुन्हा घालत असते. त्या माणसाला जपा. त्याने काही विचारले तर ताटकळत ठेवू नका.

सरांनी मायना घातलाच नाही. ‘‘ठेव जागा. मी ठेवून पाहिली, चालते. नियम माझा चुकला होता.’’ पाकीट बंद करून ते उठले. वाटेत मन फिरेल, म्हणून पत्नीही सोबत निघाल्या. मला मात्र त्यांनी सुरूच ठेवले होते. रिकाम्या खोलीत मी वाट पाहत राहिलो. सर परतले, तेव्हा त्यांच्या हातात पाकीट नव्हते.