सल्ल्याच्या खोलीतली तिसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सुताराने मला सागवानातून घडवले, बैठकीला वेत विणला आणि एका सल्लागार बाईंच्या खोलीत आणून ठेवले. पैसे कुठे गुंतवावेत, पुढचे आयुष्य कसे आखावे, हे विचारायला लोक बाईंकडे येत. बाई मानसशास्त्र शिकलेल्या होत्या, त्यामुळे आकड्यांआधी त्या माणसाकडे बघत.

खोलीत एक खुर्ची बाईंची, एक आलेल्याची आणि तिसरी मी, कायम रिकामी. हिच्यावर म्हातारपणीचे तुम्ही बसला आहात, असे बाई सांगत. त्यांना काय हवे ते विचारा, म्हणत. लोक आधी हसत, मग माझ्याकडे वळून बसत. नुकतेच लग्न ठरलेल्या एका मुलाने तर समोरचे वयाने मोठे आहेत म्हणून मला वाकून नमस्कार केला. नव्या गाडीचा बेत घेऊन आलेला एक सलूनवाला माझ्याकडे बघता बघता बेत गुंडाळून परत गेला. बाई माझे कौतुक करत. मला मात्र काही वाटत नसे. रिकामे राहण्याची सवय लागली की कौतुकही वरवरच फिरते, फडक्यासारखे.

मग एक शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले होते. राहते घर मुलाच्या नावावर करून टाकायचे, काय काय करावे लागेल तेवढे सांगा, म्हणाल्या. मुलगा वाईट नव्हता, पण धंद्यासाठी तो ते घर विकणार होता. बाईंनी नेहमीसारखे माझ्याकडे बोट दाखवले. काकूंनी माझ्याकडे बघितले. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही.

"मी नाही दिसत हो तिथे. हेच बसलेत. सगळं रिटायर झाल्यावर बघू म्हणायचे."

बाईंची युक्ती पहिल्यांदाच फसली. मग कधी केले नव्हते ते त्यांनी केले. काकूंनाच माझ्यावर बसायला सांगितले.

काकू बसल्या. माझा वेत करकरला. माणसाचे ओझे मला ठाऊकच नव्हते. ते मला आवडले. बाईंनी विचारले, समजा सत्तरी उलटली आहे, आता काय हवे? काकूंनी हात मांडीवर ठेवले.

"आतून कडी लावता येईल असं माझं एक दार," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी मशीन." मग म्हणाल्या, "मुलाला नाही म्हणावं लागेल."

त्या रडल्या नाहीत. पिशवी उचलली आणि घर नावावर करण्याचे काहीही न विचारता निघून गेल्या.

तेव्हापासून बाई सगळ्यांनाच माझ्यावर बसवतात. माझा वेत सैल झाला आहे, त्याची डागडुजी सवडीने होईल. पण मित्रांनो, पुढे कधीतरी तुमच्याच नावाने एक म्हातारे माणूस जगणार आहे. त्याच्या वाटणीचे आजच कुणाला देऊन टाकू नका. त्याला तुमच्याशिवाय दुसरे कुणी नाही.