एका कार्डावरच्या दोघी

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात चार नंबरच्या वाफेच्या इस्त्रीवर एकच बाई काम करते, असं कागद सांगत होते. प्रत्यक्षात बाया दोन होत्या. सकाळी धाकटी जाऊ, दुपारी थोरली. कार्ड धाकटीच्या नावाचं. जेवणाच्या सुट्टीत धाकटी मागच्या दाराने बाहेर पडायची आणि थोरली त्याच दाराने आत शिरायची. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी दाबणारं ते तापलेलं धूड दहा तास एकटीने सोसणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं, म्हणून प्रत्येक इस्त्रीवर अशी एक जोडी होती. कुठे मायलेकी, कुठे नणंद-भावजय, कुठे नुसत्याच शेजारणी. आपण कंपनीला कसं बनवलं, यावर बायका डबे उघडून मनमुराद हसायच्या. सुपरवायझरला सगळं ठाऊक होतं. एका पगारात दोन ताज्या बाया मिळताहेत, हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही असं त्या धरून चालल्या होत्या, एवढाच काय तो त्यांचा भोळेपणा.

चार नंबरच्या वाफेच्या पाइपाचा सांधा महिनाभर गळत होता. त्यावर फडकं गुंडाळलेलं असायचं. थोरलीने तीनदा तक्रार केली. तिसऱ्या वेळी सुपरवायझर हसून म्हणाला, दोघींपैकी नेमकी कोण तक्रार करतेय ते आधी ठरवून या. मग एका दुपारी सांधा निखळला आणि वाफेचा लोट थोरलीवर आला. बोटांपासून खांद्यापर्यंत उजवा हात भाजून गेला, शिवाय मानेची एक बाजू. सुपरवायझर तिला कंपनीच्या गाडीतून इस्पितळात घेऊन गेला. केवढा धावून आला माणूस, असं सगळ्या म्हणाल्या. ती विव्हळत असताना त्याने केसपेपरवर लिहवून घेतलं, की घरी पाणी तापवताना भाजली.

सात आठवडे थोरली खाटेवर होती. पडल्या पडल्या तिला एकच उद्योग होता, माणसं मोजण्याचा. इस्त्रीवरच्या बाकीच्या बारा जणींपैकी पाच भेटायला आल्या. त्यातल्या तिघी दारातूनच परतल्या, उरलेल्या दोघींनी आम्ही आलो होतो हे कुठे बोलू नका म्हणून बजावलं. साक्षीला येईन म्हणणारी एकही नाही. प्रत्येकीच्या कार्डामागे आणखी एक बाई लपलेली, तिला उघडं कोण पाडणार?

बोटं आत वळली ती वळलीच. पेला धरता येईना. कामगार कचेरीतल्या कारकुनाने मात्र धीर दिला. कार्ड कुणाचंही असो, काम करताना भाजलात तर भरपाई तुमची, फक्त त्या वेळी तुम्हीच तिथे होता हे कुणीतरी सांगायला हवं, असं तो म्हणाला.

सांगू शकेल अशी बाई थोरलीच्याच चुलीवर स्वयंपाक करत होती. पण सुपरवायझर एकदा येऊन दारात अर्धा तास तिच्याशी बोलून गेला, आणि तेव्हापासून धाकटी मूग गिळून होती. बोलला तो दीर.

"वहिनी, तुमचा हात तर गेलाच. आता घरातलं कार्डही घालवायचं का?"

थोरलीचा नवरा भिंतीकडे बघत राहिला. त्या दिवशी भिंत फारच बघण्यासारखी असावी.

सुनावणीला दोघी एकाच बसने गेल्या आणि वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. कचेरीत धाकटीने पाठ केल्यासारखं सांगितलं, की त्या दिवशी पूर्ण वेळ चार नंबरवर मीच होते, जाऊबाई घरी भाजल्या. सुपरवायझरने दुरुस्तीची वही सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे सरकवली. कंपनीचा कारभार किती चोख, हे त्याला दाखवायचं होतं. साहेबांनी वाचलं. चार नंबर, यंत्र चालू असताना तीन वाजून दहा मिनिटांनी पाइपाचा सांधा निखळला, वाफ समोर उभ्या बाईच्या अंगावर, चारच्या आत दुरुस्त. फिटर बिचारा जे बघितलं ते लिहिणारा. वही आणणाऱ्याने ती वाचली नव्हती.

थोरलीच्या लक्षात आलं. धाकटीच्याही आलं असावं, कारण तिने थोरलीकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको. गप्प बसलं तर हात फुकट जात होता, बोललं तर धाकटी जात होती. थोरलीने वळलेली बोटं मांडीवर नीट ठेवली.

"साहेब, त्या वेळी तिथे उभी होती ती हीच, असं ही म्हणतेय ना? मग हिला बाह्या वर करायला सांगा."

सुपरवायझर घाईघाईने म्हणाला, ती तेवढ्यात पाणी प्यायला गेली होती. मग चालू यंत्रासमोर कोण उभं होतं, असं साहेबांनी विचारलं. त्यावर तो वही चाळू लागला.

धाकटीने बाह्या वर केल्या. हात कोवळे, स्वच्छ, कोपरापर्यंत एकही डाग नाही.

"त्या होत्या," ती म्हणाली. "माझ्या जागेवर."

भरपाई मंजूर झाली. कंपनीने लगेच वर अपील केलं, म्हणजे मंजुरी तूर्त कागदावर. धाकटीचं कार्ड मात्र त्याच संध्याकाळी रद्द झालं, त्याला कुठल्या अपिलाची गरज पडली नाही. आठवड्याच्या आत सगळ्या जोड्या मोडल्या, एका कार्डावर एकच बाई राहिली, दहा तास. आता बाराच्या बारा जणी थोरलीकडे आल्या, भांडायला. दीर वहिनीशी बोलेनासा झाला. नवरा बोलत होता, पण भावाबद्दल.

धाकटी मात्र भांडली नाही. थोरली डाव्या हाताने ताटं गोळा करू लागली की ती उठून तिच्या हातातून काढून घ्यायची.

"तुम्ही बसा, जाऊबाई. मी घासते. मला आता कुठे जायचंय?"

रोज, दोन्ही वेळा, याच शब्दांत, आणि अतिशय गोड आवाजात.