मी एकलकोंडा, आणि लंकाबाईचं बियाणं

मित्रांनो, फाटक्या छत्रीने आपली कहाणी सांगितली की तुम्ही डोळे पुसता. आज माझीही ऐका. मी एक जुना शब्द आहे, एकलकोंडा. बाईला लावलात की एकलकोंडी. ज्याला घोळक्यात करमत नाही, जो आपल्यापुरता राहतो, तो एकलकोंडा. ‘माणूसघाणा’ माझा कोणी लागत नाही. त्याला माणसांचाच वीट असतो, मला फक्त गर्दीचा.

मला कोणी घडवलं, ठाऊक नाही. कामाला मात्र कधी कमी पडलो नाही. लग्नात जेवून लगेच निघणारा, वर्गात मागे बसणारी, सगळ्यांना मीच. पुरुष गप्प बसला तर तो विचारी, बाई गप्प बसली की एकलकोंडी! याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

१९९८ सालची गोष्ट. देवळ्याजवळच्या एका गावाने मला लंकाबाईला कायमचं चिकटवलं होतं. नवरा गेल्यावर ती डोंगराच्या पायथ्याच्या मळ्यात राहायला गेली. बारशाला नाही, भिशीला नाही. तिथे ती कांद्याचं बी धरायची. साठवणीच्या चाळीत शेवटपर्यंत न सडता टिकलेले कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावायची. त्यांना फुलांचे गोंडे येत आणि गोंड्यांतून बी निघे. जवळपास दुसऱ्या जातीच्या कांद्याचे गोंडे असले, तर मधमाश्या दोन्हींवर बसतात आणि बियाण्यात भेसळ होते. म्हणून तिचं रान लांब होतं. दहा वर्षांची निवड त्या बियाण्यात होती.

तिचा धाकटा दीर, नावाने कारभारी, भला माणूस. वहिनी एकटी पडली म्हणून त्याचा जीव तुटायचा. आयुष्यभर त्याने बी विकतच घेतलेलं, ते धरायची रीत त्याला ठाऊक नव्हती. त्या दिवाळीनंतर त्याने तिच्या बांधालगतचं रान नांगरलं आणि दुसऱ्याच जातीच्या लाल कांद्याची ट्रॉली भरून आणली.

“वहिनी, आता शेजार झाला तुम्हाला. दोघं मिळून बी धरू.”

“इथं नका लावू, भाऊजी. माझं बियाणं बिघडंल.”

“मधी बांध हाय ना!”

“माशीला बांध कळतो का?”

लंकाबाई ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. मजूर बाया बघू लागल्या तसा कारभारी चिडला.

“गाव म्हनतं ते खोटं नाय. एकलकोंडी ती एकलकोंडीच!”

मला असं फेकलं की समोरचा मान खाली घालतो. लंकाबाईने घातली नाही.

“हाय मी एकलकोंडी. म्हनून तर हे बियाणं चोख राह्यलं. शेजार पायजे तर जेवायला या, भाकर वाढीन. पन ट्रॅक्टर मागं घ्या.”

मित्रांनो, पहिल्यांदाच कोणीतरी मला आपणहून आपलं म्हटलं. मला डोळे असते तर मी रडलो असतो.

कारभारीने धुसफुसत ट्रॅक्टर मागे घेतला. पुढच्या वर्षी रोपासाठी बी टाकायच्या वेळी मात्र तो बियाण्यासाठी तिच्याच दारात आला. ती ओट्यावर कांदे निवडत होती. त्याने हाक मारली नाही. तिचं काम संपेपर्यंत तो कडुलिंबाखाली उभा राहिला.

मला वापरू नका, असं मी म्हणत नाही. खुशाल वापरा. पण शिवी म्हणून फेकणार असाल, तर मी तुमचा नाही. कोणी एकटं बसलेलं दिसलं, तर आधी थोडं थांबा. हाक नंतर मारा.