मिरची भाजणाऱ्या शेवंतीचा सत्कार

लालबागेत मसाल्याचा हंगाम ऐन भरात आला होता, अख्खी गल्ली शिंकत होती, आणि दहा वर्षं मिरची भाजणारी शेवंती दुकानाच्या मागे पोती झाडत बसली होती.

तिच्या हातापायांचे तळवे जन्मापासून जाड, भेगाळलेले. पंधरावं सरायच्या आत सगळे दात पडले. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. रक्तातून येतं, लाखांत एखाद्याला होतं, कुणाला लागत नाही. शेवंतीनं कवळी बसवली, तळव्यांना मलम चोळलं आणि कामाला लागली. यंदा कुणा गिऱ्हाइकानं तिच्या हाताचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला. खाली लिहिलं, 'मसाला घेताना सावधान!'

"लागत नाय ओ शेठ हे," ती म्हणाली.

"मला ठाव हाय. पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार?" दुकानाचा मालक दौलतशेठनं तिला कढईवरून उठवलं.

त्याच आठवड्यात काळाचौकीच्या मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र तिच्या खोलीवर आले. "शेवंतीताई, आरोग्य शिबिरात तुमचा सत्कार! एवढा दुर्मिळ आजार आपल्या वॉर्डात, म्हणजे अभिमानाचीच गोष्ट."

"सत्कार नको. तुमच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंना माइकवर एकच वाक्य बोलायला सांगा. हे लागत नाय."

"एक काय, धा बोलतील!"

शिबिराच्या बॅनरवर शेवंतीचे तळवे दरवाजाएवढे होते आणि अध्यक्षांचा चेहरा त्याहून मोठा. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि पाऊण तास स्वतःच्या बालपणावर बोलले. अध्यक्षांनी शाल दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबूनच तिच्या खांद्यावर सोडली आणि लगेच हाताला सॅनिटायझर चोळलं. भेट म्हणून नारळ, शेंगदाण्याची चिक्की आणि टूथब्रश-पेस्टचा संच. मग वेळेअभावी डॉक्टरीणबाईंचं भाषण रद्द झालं.

शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं माइकच ओढून घेतला.

"कवळीवालीला बरश दिलात, उपकार झाले. आता ऐका. हे लागत नाय! लागलं असतं तर समोर बसलेल्यांची सगळ्यांची बोळकी झाली असती. धा वर्षं तुमच्या घरचा मसाला मी ह्याच हातांनी भाजलाय."

अध्यक्षांनी जिभेनं गुपचूप आपले दात चाचपले.

पहिल्या रांगेतून त्यांची बायको सुनंदा उठली. "अगो शेवंते, मग यंदा कोण भाजतंय? सात किलो मसाला करपलाय माझा! आणि हे मलाच बोलतात, तुझा हात बिघडला म्हणून!"

"यंदा मी पोती झाडते, वहिनी."

"कुणी बसवली तुला पोती झाडायला?"

साऱ्या बायकांच्या माना शेजारच्या खुर्चीतल्या दौलतशेठकडे वळल्या. शेठ चिक्की खात होता, ती घशातच अडकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती कढईवर. शेठनं रबरी हातमोजे पुढे केले. "तेवढे घाल. गिऱ्हाइकाला बरं दिसतं."

"मोज्यातून मिरची कुरकुरीत झाली का, ते कसं कळणार? वहिनींना विचारा, त्यांना चालेल का."

रांगेत पहिला नंबर सुनंदाचा होता. शेठनं न विचारताच मोजे गल्ल्याखाली टाकले.

टूथब्रश मात्र शेवंतीनं वाया घालवला नाही. रोज दुकान बंद करताना ती त्यानं कढईची कड घासते.